कलम कुठं उचलायची

संपादकांचं पत्र आलं. 'आपल्या अध्यापनाच्या काळातील काही आठवणी दिवाळी अंकासाठी लिहाव्यात. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, पुरेशी मोकळी जागा सोडून, सुवाच्य अक्षरांत असावा.' ज्या माणसानं उभा जन्म पोरांच्या अक्षराला वळण लावण्यात घालवला, त्याला सुवाच्य लिहा म्हणून कळवायचं म्हणजे आचाऱ्याला मिठाची आठवण करून देण्यासारखं झालं. बरं, पत्र स्वतः टाइप केलेलं. हाताची अशी त्यात एक सहीच होती आणि ती काही मला लागली नाही. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत नुसतं 'संपादक महाशय' लिहिलं आहे. राग मानू नये.

लिहिण्याचं निमित्त मात्र त्यांच्या पत्राचं नाही, माझ्या नातीचं आहे. अश्विनी इथं नांदेडला इंग्रजी शाळेत चौथीत आहे. एक दिवस ती वहीत इंग्रजी अक्षरं एकमेकांच्या हातात हात घालून लिहीत बसली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, अजून शाळेत जोडून लिहायला शिकवतात तर. ती म्हणाली, "शाळेत नाही हो आजोबा, आता ते कंपल्सरी नाही. मला आवडतं म्हणून काढतेय." 'लिहितेय' नाही म्हणाली, 'काढतेय' म्हणाली. आमच्या काळी जे पोटापाण्याचं होतं ते आता रांगोळीच्या खात्यात गेलेलं दिसतं.

तर मी मोडीचा मास्तर. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत मुखेडच्या शाळेत होतो. शाळा म्हणजे सरकारी कागदावर मदरसा आणि मी मुदर्रिस. गावात मात्र 'मोडीमास्तर'. शाळेचा कारभार उर्दूत, कचेऱ्यांचा उर्दूत, पण गावोगावच्या पटवाऱ्यांची दफ्तरं मोडीत आणि लोकांच्या घरच्या चिठ्ठ्याही मोडीत. म्हणून मराठीच्या तासाला एक मोडीचा तास चिकटवलेला असे.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही (आणि आता बहुतेकांनी नाहीच) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आज वाचता ते बाळबोध. त्यात प्रत्येक अक्षर सुटं, डोक्यावर स्वतःची टोपी घालून उभं. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगत जायची. बोरू टेकवला की शक्यतो उचलायचा नाही. अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराचं डोकं होतं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, शब्द कुठं संपला त्याची खूण नाही, वाक्य कुठं संपलं त्याचीही नाही. सगळी ओळ एका दमात. लिहिणाऱ्याला सुख आणि वाचणाऱ्याला घाम, अशी ती लिपी.

मी फार कडक मास्तर होतो असं जुने विद्यार्थी सांगतात. कडक नव्हतो, खुळा होतो. ओळीच्या मध्येच कुणी कलम उचलली की मी ओरडायचो, "अरे, विहिरीतून बादली काढताना मध्येच दोर सोडतोस का?" पोरं बिचारी श्वास कोंडून लिहायची. वर्गात मोडीचा तास सुरू झाला की इतकी शांतता पसरायची की शिपाई दारातून डोकावून जायचा, सगळे हयात आहेत ना म्हणून.

माझा वर्ग आणि मौलवीसाहेबांचा वर्ग एकाच खोलीत भरायचे. मध्ये एक फळा आडवा लावलेला. फळ्याच्या अलीकडं मोडी, पलीकडं उर्दूचं शिकस्ता. शिकस्ता म्हणजे कचेरीतलं घाईचं उर्दू अक्षर, आणि त्या शब्दाचा अर्थसुद्धा 'मोडलेलं' असाच. मौलवीसाहेब माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे कंधारचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांची मराठी दखनीत भिजवून काढलेली. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमची बी तुटेली, माझी बी तुटेली. सरकारनं दोन मोडके एका खोलीत बसवून दिले. आता दुरुस्तीला तिसरा कोण यायचा?"

तपासणीला शाळाखात्याचे मोहतमीमसाहेब यायचे. त्यांना मोडीचा म सुद्धा येत नव्हता, पण साहेबाला येत नाही असं कसं म्हणायचं? ते पोरांच्या मागून फिरायचे आणि कुणाची कलम उचलली जाते ते बघायचे. एकदा त्यांनी पानभर मजकूर लिहायला सांगितला. किशन नावाचा एक वात्रट पोरगा होता. त्याचा पाठ अर्ध्या पानातच संपला. कलम तर उचलायची नाही! मग त्यानं उरलेलं पान 'मास्तर दुपारी डुलक्या घेतात' हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून भरून काढलं. साहेब त्याच्या मागं थबकले. "वाह! क्या रवानी है!" म्हणाले, म्हणजे हाताला काय ओघ आहे, आणि तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावायचा हुकूम देऊन गेले. साहेबांचा हुकूम, काढणार कोण? तीन वर्षं तो कागद माझ्या डोक्यावर टांगलेला होता. कामानिमित्त शाळेत आलेला प्रत्येक पटवारी तो वाचून मिशीत हसायचा. खरं सांगायचं तर अक्षर अतिशय सुंदर होतं, आणि मजकूरही खोटा नव्हता.

मास्तरकीला जोडून चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम आपोआप यायचं. बाजाराच्या दिवशी शाळेच्या पायरीवर चारदोन माणसं बसलेलीच असायची. त्यांतला गंगाराम मला अजून आठवतो. जवळच्याच एका खेड्यातला म्हातारा, मुलगा नांदेडला गिरणीत. मुलाची चिठ्ठी आली की हा आधी माझ्याकडून वाचून घ्यायचा, मग मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्याकडून, मग पटवाऱ्याकडून, आणि त्यातलं ज्याचं वाचन पटेल ते घेऊन घरी जायचा. एकदा चिठ्ठीत 'खोकला बराच आहे' असं होतं. मी वाचलं. म्हातारा उठून गेला आणि तासाभरानं परत आला.

"मास्तर, तुमच्या वाचण्यात पोरगा लई खोकून राहिला. पुजाऱ्याच्या वाचण्यात त्येचा खोकला बरा झालाय. मी पुजाऱ्याचं धरतो."

"अहो, शब्द एकच आहे," मी म्हणालो.

"आसंल. पण तुम्ही वाचताना तोंड वाईट केलं."

हा किस्सा मी मौलवीसाहेबांना सांगून पोट धरधरून हसलो होतो. त्या वर्षी मला हसायला येत होतं, कारण माझ्या घरची चिठ्ठी अजून यायची होती.

वडील लवकर गेलेले. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण गोदावरी, म्हणजे गोदू. मी पंचवीस वर्षांचा, कर्ता, आणि अंगात मास्तरकी मुरलेली. गोदू सोळाची. तिला थोडंफार बाळबोध वाचता यायचं. मोडी येत नव्हती. मी जगाच्या पोरांना शिकवत होतो, पण बहिणीला शिकवावी असं काही मला कधी सुचलं नाही.

तिच्यासाठी जळकोटचं स्थळ आलं. मुलगा दत्तोपंत, लातूरला टपालात नोकरीला. त्याचे वडील अण्णा म्हणजे जुने पटवारी, पंचक्रोशीत त्यांच्या मोडीचा लौकिक. बापलेक येऊन मुलगी पाहून गेले. अण्णांनी गोदूला नाव विचारलं आणि दत्तोपंतानं काहीच विचारलं नाही. निघताना पाण्याचा तांब्या परत देताना तो तिला एवढंच म्हणाला, "विहीर गोड हाय तुमची."

झालं. पुढचे चार दिवस आमच्या घरात विहिरीशिवाय विषय नव्हता. गोदू भाकरी थापता थापता विचारायची, "आई, आपली विहीर आधीपासूनच गोड हाय का गं?" आई म्हणायची, "तुला आजच कळलं व्हय?" मी समोर पेपर तपासत असायचो. मला सगळं समजत होतं आणि काही समजत नाही असं दाखवण्यात मला मोठेपणा वाटत होता.

लग्न कुठल्या गावी, मानपान कुणाचे, वऱ्हाड किती, अशी बोलणी राहिली होती. तीन आठवडे जळकोटहून निरोप नाही. शेवटी मीच चिठ्ठी पाठवली की उरलेल्या बोलण्यांसाठी आम्ही यावे किंवा कसे ते कळवावे. चिठ्ठ्या न्यायला-आणायला जळकोटचा एक कासार होता, दर बाजाराला बांगड्या घेऊन मुखेडला यायचा. पुढच्या बाजाराला त्यानं अण्णांचं उत्तर आणून दिलं.

मी ते घरात उभ्या उभ्या वाचलं. आई चुलीपाशी आणि गोदू माजघराच्या दाराआड. अण्णा शब्दांच्या बाबतीत भलतेच काटकसरी. 'पत्र पावले. घरात विचार झाला.' आणि पुढं एक ओळ. ती मी इथं त्यांनी लिहिली तशीच देतो, म्हणजे संपादकांनी मोकळ्या जागेचा आग्रह का धरला ते त्यांनाही कळेल.

आपणयेऊनकाहीराहिलेलीबोलणीसंपवूनटाकावी.

तीन आठवडे थांबून थांबून माझ्या डोक्यात नकार आधीच येऊन बसला होता. मी वाचलं, "आपण येऊ नका. ही राहिलेली बोलणी संपवून टाकावी."

आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. दाराआडून गोदूचा आवाज आला, "अजून एकदा वाच ना, दादा."

"काय एकदा वाच?" मी खेकसलो. "नकार दोनदा ऐकला की होकार होतो का? मी मोडी शिकवतो गावाला. मला वाचायला शिकवू नकोस."

मी तिथंच बैठक मारली, बोरूला टोक केलं आणि कासार गावातून निघायच्या आत उत्तर खरडलं. राग असा होता की अण्णांचीच तऱ्हा त्यांच्या अंगावर उलटवायची. लिहिलं, 'पत्र पावले. विचार समजला.' आणि पुढं, 'आता आमची वाट पाहू नका. ही अडलेली कामे उरकून घ्यावी.' म्हणजे आमच्यापायी तुमच्या मुलाचं लग्न अडलंय ना, ते खुशाल दुसरीकडं उरका. आईला विचारलं नाही, गोदूला तर नाहीच. सगळं एका दमात, कलम न उचलता. अक्षर इतकं झकास आलं होतं की रागातसुद्धा मी ते दोन वेळा न्याहाळलं.

मग आठ दिवस घरात विहिरीचा विषय निघाला नाही. गोदू पाणी भरायची, पण घागर आणून ठेवायची आणि निघून जायची. मी कर्तेपणाच्या तिरमिरीत इस्लापूरकडच्या एका बिजवराला निरोप धाडला. पहिली बायको गेलेली, पदरात दोन मुलं, वय माझ्याहून जास्त. तो येत्या सोमवारी मुलगी पाहायला येतो म्हणून त्याचा उलट निरोपही आला. आई म्हणाली, "बघ बाबा, तुला योग्य वाटंल ते कर." गोदू हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी पोरं लिहीत होती आणि मी फळ्याला टेकून बसलो होतो. मौलवीसाहेब फळ्यावरून डोकावून म्हणाले, "क्या बात है गुरुजी? आठ दिवस झाले, डुलक्या बी घेत नाहीत तुम्ही. भिंतीवरचा कागद खोटा पडायलाय."

मी घडलेलं सांगितलं. ते आपुलकीनं ऐकत होते, कारण गोदूच्या हातची पुरणपोळी दर होळीला त्यांच्याकडं जायची. ते म्हणाले, "चिठ्ठीत असं हायच काय इतकं? सांगा तर." ती ओळ मला पाठ होती. इतक्या वेळा मनात घोकली होती की तिच्यात थांबायची जागाच उरली नव्हती. मी एका दमात म्हणून टाकली.

मौलवीसाहेब म्हणाले, "मग गेले का नाही?"

"कुठं?"

"जळकोटला. बोलावून राहिलेत ना? आपण येऊन, काही राहिलेली बोलणी, संपवून टाकावी."

मी म्हणालो, "तसं नाही ते. आपण येऊ नका, ही..."

"थांबा थांबा," ते फळ्याला वळसा घालून अलीकडं आले. "गुरुजी, तुम्ही सांस कुठं घेतली?"

उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले, "माझी मराठी कच्ची, मला जसं ऐकू आलं तसं मी तोडलं. तुम्ही सांस जिथं घेतली तिथं त्या बुजुर्गांनी बी घेतली होती कशावरून? त्यांनी तर घेतलीच नसंल. कलम उचलायची नाही म्हणून तुम्हीच शिकवता ना?"

खिशात चिठ्ठी होती. उघडून पाहिली. येऊनकाही. ते दोन्ही होतं. जितकं 'येऊ नका' होतं तितकंच 'येऊन काही' होतं, आणि तीन आठवडे विचार करून, घरात बोलून, एक सज्जन म्हातारा दुसऱ्याला काय लिहील याचा विचार केला तर 'येऊन काही'च जास्त होतं. मला गंगाराम आठवला. तीन ठिकाणी चिठ्ठी वाचून घेणारा तो म्हातारा माझ्यापेक्षा शहाणा होता. त्याला ठाऊक होतं की वाचणारा स्वतःचं तोंड घालून वाचतो.

मौलवीसाहेबांनी दोन्ही वर्ग सांभाळायचं कबूल केलं आणि सोमवारच्या पाहुण्याला अडवायचंही. मी घरी 'जरा जळकोटला जाऊन येतो' एवढंच सांगून बैलांची दमणी जोडून घेतली. वाटभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो. माझं पत्र तर त्यांना आठ दिवसांपूर्वीच पोचलेलं. 'आमची वाट पाहू नका' असं लिहून पाठवणाऱ्याला दारात उभा तरी कोण करतो?

अण्णा दारातच होते.

"या, या गुरुजी! वाट पाहून पाहून डोळे दुखले आमचे." मला वाटलं, टोमणा मारतात. तर ते हात धरून मला परसात घेऊन गेले. "तुमच्या चिठ्ठीबरहुकूम सगळी अडलेली कामं उरकून घेतली बघा. ओसरी लिंपली. गोठ्यावरचे पत्रे बदलले. विहिरीचा गाळ काढला, दोन वरसं राहून गेला होता. दत्तूनंच धरलं. म्हणला, त्येंची विहीर गोड हाय, येणाऱ्या माणसाला इथं गढूळ पाणी नको."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख झालं. 'आता आमची वाट पाहूनकाही अडलेली कामे उरकून घ्यावी.' त्यांनी श्वास दुसरीकडं घेतला होता! मी ज्या ओळीनं सोयरीक मोडली होती, त्या ओळीनं त्यांनी विहीर उपसली होती.

"मला वाटलं, पोरगं वयानं लहान आणि हुकूम सोडतंय," अण्णा हसत म्हणाले. "पण म्हणलं, बरोबरच हाय. लग्नघर हाय. आन अक्षर काय तुमचं! कलम कुठं उचललीच न्हाई की हो!"

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी 'आपली कृपा' म्हणालो. बोलणी तासाभरात संपली, कारण संपवण्यासारखं त्यांच्याकडून काही नव्हतंच. जेवताना त्यांच्या विहिरीचं पाणी प्यालो. ते मचूळ होतं, पण नितळ होतं.

आणि मग परतीच्या वाटेवर मी दुसरी चूक केली. पहिली घाईत झाली होती, ही शांत डोक्यानं केली. घरी येऊन काय सांगायचं? गावाच्या मोडीमास्तराला चार शब्दांची ओळ वाचता आली नाही, असं? मी आईला सांगितलं, "त्यांचा विचार बदलला. मी समजूत घातली त्यांची." आईनं माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गोदू दारात उभी होती.

"आधी त्यांनी न्हाई म्हणलं होतं ना, दादा?"

"असेल काहीतरी. आता हो म्हणालेत ना? झालं तर मग."

लग्न थाटात झालं. मौलवीसाहेब रंगवलेली दाढी पुन्हा रंगवून आले आणि पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, आता आहेर लिहिताना सांस घेत जा." त्यांनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही.

मी मात्र त्यानंतर वर्गात शब्दाशब्दांमध्ये एक बारीक टिंब द्यायला शिकवू लागलो. मोहतमीमसाहेबांनी पुढच्या तपासणीत पोरांना मध्ये मध्ये कलम उचलताना पाहिलं आणि वहीत शेरा मारला. मौलवीसाहेबांनी तो मला वाचून दाखवला, की या मुदर्रिसाच्या हाताखाली मोडी बिघडत चालली आहे. मी म्हणालो, "नीट वाचा, मौलवीसाहेब. कुठं श्वास घेतला त्यांनी?" ते म्हणाले, "गुरुजी, हा शेरा शिकस्तात हाय, पण याचा अर्थ एकच निघतो."

पुढं राजवट गेली, राज्य बदललं, आणि काही वर्षांत मोडीचा तासही गेला. मला बाळबोध मराठी शिकवायला दिलं. मोडी गेल्याचं दुःख झालं का असं लोक विचारतात. झालं. हातातलं काम गेलं की होतंच. पण पोरांच्या वहीत दोन शब्दांमधली ती बोटभर मोकळी जागा पाहिली की मला हलकं वाटायचं हेही खरं. का ते मी कुणाला सांगत नव्हतो.

गेल्या भाऊबीजेपर्यंत.

गोदू लातूरहून आली होती. आता तिची साठी उलटली आहे. दत्तोपंत टपालातून निवृत्त झालेत, अण्णा जाऊन खूप वर्षं झाली. अश्विनी जवळच बसून तिची ती जोडलेल्या अक्षरांची रांगोळी काढत होती. गोदूनं ताट सजवलं, मला पाटावर बसवलं, आणि मी ओवाळणीसाठी पाकीट काढलं तर म्हणाली, "यंदा ते ठेव. हे वाच." तिनं पिशवीतून दोन कागद काढून ताटात ठेवले. घड्या पडून पडून घडीवरच फाटलेले. एक अण्णांच्या हातचा आणि दुसरा माझ्या.

"अण्णांचे हात कापायला लागले ना, तवा त्यांनी मला मोडी शिकवली," ती म्हणाली. "त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहायची. लग्नाला तीन वरसं झाली होती. त्यांच्या ट्रंकेत हा तुझा कागद सापडला; त्यांचा तर मी लग्नाच्या वेळीच तुझ्या खिशातून काढून संगं नेला होता. तुझं अक्षर लगेच ओळखू आलं."

मी माझा कागद उचलला.

"मोठ्यानं वाच की. तुझंच हाय."

मी वाचलं. खोटं वाचता आलं असतं, अण्णांनी वाचलं तसं. पण तिच्यासमोर जीभ वळली नाही. "आता आमची वाट पाहू नका. ही अडलेली कामे उरकून घ्यावी."

"हां," गोदू म्हणाली. "मला बी असंच वाटलं होतं. तू तिथंच थांबला असशील." मग म्हणाली, "तीन वरसं मी त्या घरात पावणी होऊन राहिले, दादा. वाटायचं, यांना मी नको होते, माझ्या भावानं पाया पडून गळ्यात बांधली. सासूबाई अजून एक भाकर घे म्हणायच्या तर मी अर्धी घ्यायची. त्या म्हणायच्या, पोरीला जेवण जात न्हाई. त्यांनी मला कधी नको म्हणलंच नव्हतं."

मी हे आजवर कुणाशी बोललो नाही, आता लिहून टाकतो. मला लाज वाटली. म्हातारपणी पाटावर बसून, कपाळाला कुंकू लावलेलं असताना, नातीसमोर, इतकी लाज वाटली की मान वर होईना. माझी इभ्रत राखण्यासाठी मी माझ्या बहिणीच्या ताटातली अर्धी भाकरी तीन वर्षं काढून घेतली होती.

"तेव्हाच का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तू मास्तर. मास्तराची चूक कोण काढंल?" ती हसली. "राग आला होता की. दोन भाऊबिजा मी आले न्हाई, आठवतं का? तुला वाटलं, पावसानं रस्ते खराब झालेत."

आठवत होतं. मी त्या दोन्ही वर्षी रस्त्यांना शिव्या दिल्या होत्या.

अश्विनीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "आजोबा, यात शब्द कुठं संपतो?"

उत्तर गोदूनं दिलं. "तेच तर विचारायचं असतं, बाई. मला तवा वाचता येत न्हवतं. पण यानं मला विचारलं असतं ना, तर कुठं थांबायचं ते मी सांगितलं असतं."

मग तिनं माझा कागद बाजूला सारला आणि अण्णांचा माझ्या हातात दिला. स्वतः गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि खरोखर स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. निरांजन ताटात जळत होतं. अश्विनी एकदा दाराकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती.

"वाच," आतून आवाज आला.

मी चष्मा पुसला आणि वाचलं, "आपण येऊन," थांबलो, श्वास घेतला, "काही राहिलेली बोलणी संपवून टाकावी."

मग दाराआडून गोदू म्हणाली, "अजून एकदा वाच ना, दादा."

मी पुन्हा वाचलं.